आधी पायाखाली बघा

गेल्या अंकात आपण मोकळ्या निसर्गात काढलेले नर्तकांचे तीन फोटो छापले होते, आठवतंय ना? वाळूच्या टेकडीवर लाल कापड घेऊन उडी मारलेली नर्तकी, धबधब्याखाली डोळे मिटून एका पायावर उभा असलेला नर्तक, आणि धुक्यातल्या गवतात पाठमोऱ्या तिघीजणी. त्यावर इतकी पत्रं आणि मेसेज आलेत की या वेळचं आख्खं सदर त्यालाच देऊन टाकलंय. काही जण खूश, काही वैतागलेले, एकाने तर सरळ "हे शाम्पूच्या जाहिरातीसारखं का दिसतं" असं विचारलंय आणि खरं सांगू, मला तोच प्रश्न सगळ्यात जास्त आवडला. नावं कुणाचीच छापत नाहीये, पत्रं थोडी कापलीत, राग मानू नका.

ताई, लाल कापडवाला फोटो मी आमच्या ग्रूपवर टाकला, सगळ्यांनी वा वा केलं. मी पंधरा मिनिटं बघत बसलो. सुंदर आहे हे कळतं, पण पुढे काय? मला नाचातलं ओ की ठो कळत नाही. याचा अर्थ लावायचा कसा?

अहो, नाचातलं कळत नाही हे एका अर्थी बरंच आहे, कारण ज्यांना कळतं ते लगेच पायाची बोटं नीट ताणलीत का तेच बघत बसतात (मीही त्यातलीच, अठरा वर्षं नाचले, सवय जात नाही). आणि अर्थाच्या मागे एवढ्यात पळू नका. आपली नजर आधी चेहऱ्यावर जाते, मग कापडावर, मग "काय मस्त आकाश आहे" आणि संपलं. तुम्ही उलटं करा, आधी पायाखाली बघा. जमीन कसली आहे? दगड, वाळू, चिखल, गवत, पाणी, त्यावर त्या शरीराला काय करावं लागलं असेल ते ठरतं.

वाळूचंच घ्या. लाकडी स्टेजवर पाय दाबला की स्टेज उलटा ढकलतो, वाळू तसं करत नाही, ती दबते आणि तुमचा जोर खाऊन टाकते. म्हणजे जी उडी स्टेजवर सहज वाटते ती वाळूवर दुप्पट दम काढते आणि वर कमीच जाते. आता फोटोच्या डाव्या कोपऱ्यात बघा, पावलांचे पाच-सहा ठसे एकावर एक पडलेत, सगळे एकाच जागेकडे जाणारे. म्हणजे ती तिथूनच पुन्हा पुन्हा उडाली आहे. एका वाचकाने हा फोटोचा दोष म्हणून कळवलाय, ठसे पुसायला हवे होते म्हणे. मला तर तो आख्ख्या फोटोतला सगळ्यात खरा कोपरा वाटतो.

मग क्षितिज कुठे आहे ते बघा. ते तिच्या पावलांच्या बरंच खाली आहे, सगळं शरीर आकाशावर आलंय, म्हणजे कॅमेरा जवळजवळ वाळूला टेकलेला होता. हीच उडी फोटोग्राफरने ताठ उभं राहून टिपली असती तर तिचे पाय मागच्या टेकडीत मिसळले असते आणि उडी गुडघाभर वाटली असती. तेव्हा त्या उंचीतली अर्धी तिची आणि अर्धी पोटावर झोपलेल्या त्या माणसाची, असा हिशोब आहे.

आणि ती तरंगतेय असं का वाटतं? यात थोडं शाळेतलं फिजिक्स आहे, घाबरू नका. कुणी अर्धा मीटर उंच उडी मारली तर तो जेमतेम ०.६४ सेकंद हवेत असतो, पण त्यातला निम्मा वेळ वरच्या पाव उंचीत जातो, कारण वर पोचताना वेग कमी कमी होत शून्यावर येतो आणि मग परत वाढतो. त्यात नर्तक लोक अजून एक चलाखी करतात, बरोबर वर पोचताना हातपाय उचलतात, त्यामुळे शरीराचा गुरुत्वमध्य छातीकडे सरकतो आणि डोकं काही क्षण एकाच उंचीवर राहिल्यासारखं दिसतं. बॅलेतल्या मोठ्या झेपेत प्रेक्षकांना जे "थांबली बघ हवेत" असं वाटतं ना, ते हेच. फोटोग्राफर तो क्षण पकडतो, म्हणजे कॅमेऱ्याने जादू करायच्या आधीच शरीराने अर्धी जादू करून ठेवलेली असते.

हे सगळं बघून झालं की मग एक प्रयोग करा. अंगठ्याने नर्तकी झाका. उरलेला देखावा स्वतःच्या जिवावर कॅलेंडरला चालेल का? मग दोन्ही हातांनी देखावा झाका आणि फक्त ती बघा, तिच्या हालचालीला काही कारण उरतं का? दोन्ही तुकडे आपापले पूर्ण वाटले तर समजायचं की त्यांची एकमेकांशी ओळख झालेलीच नाही, नुसते शेजारी उभे आहेत. धबधब्याच्या फोटोत पाणी झाकलं की त्याचे कानापर्यंत चढलेले खांदे आणि आवळलेली पायाची बोटं चक्क विचित्र दिसतात, कारण ते सगळं पाण्यामुळे झालंय. तिथे जागा शरीराशी काहीतरी करतेय. वाळूच्या फोटोत मात्र, मी प्रामाणिकपणे सांगते, ठसे सोडले तर टेकडी नुसता पडदा आहे. छान पडदा, पण पडदाच. म्हणजे तुमच्या त्या पंधरा मिनिटांत तुमची काही चूक नव्हती.

हे सगळं ठरवून केलेलं असतं. कपडे ठरवून, जागा ठरवून, पोज ठरवून. मग यात खरं काय? स्टेजवर चालू कार्यक्रमात काढलेला फोटो जास्त प्रामाणिक नाही का?

स्टेजवरचा नाच काय आपोआप होतो का हो? तोही ठरवूनच असतो, प्रकाश ठरवून, कपडे ठरवून, पाऊल न् पाऊल ठरवून. फरक एवढाच की तिथे नाच प्रेक्षकांसाठी ठरवलेला असतो आणि फोटोग्राफर कडेने चोरून घेतो, इथे नाच एकाच डोळ्यासाठी ठरवलेला असतो. आणि हे आजचं खूळ नाही. अमेरिकेतली आधुनिक नर्तकी मार्था ग्रॅहम, तिचे जे फोटो जगभर गाजले ते बार्बरा मॉर्गन या फोटोग्राफर बाईने चालू कार्यक्रमात नाही काढले, ती आधी नाच पुन्हा पुन्हा बघायची, डोक्यात काय राहतंय ते तपासायची आणि मग स्टुडिओत नेमक्या त्या हालचाली परत करून घ्यायची. १९४० मधला तो फेमस फोटो, पाठीमागे घागरा उसळलेला आणि शरीर कमरेत वाकलेलं, तो असाच ठरवून केलेला आहे, आणि त्याला खोटा म्हणायची माझी तरी हिंमत नाही.

पण तुमच्या प्रश्नात एक खरी गोष्ट आहे, की ठरवलेलं सगळं जर ठरवल्यासारखंच पार पडलं तर फोटो मरतो. मजा येते ती ठरवलेलं फसतं तिथे. बॅले सोडून अनवाणी, मोकळं नाचणाऱ्या इसाडोरा डंकनचा किस्सा सांगते. १९२० च्या सुमारास एडवर्ड स्टायकेन हा फोटोग्राफर व्हेनिसमध्ये होता, इसाडोरा त्याला म्हणाली चल आमच्याबरोबर अथेन्सला, मी नाचताना तू माझी फिल्म काढ. तिने कधी फिल्म काढू दिली नव्हती, हा उड्या मारत गेला. तिथे पोचल्यावर बाईंनी विचार बदलला, फिल्म नाहीच, फक्त फोटो. याच्याकडे धड कॅमेराही नव्हता, शेवटी हॉटेलच्या हेड वेटरचा कोडॅक कॅमेरा उसना घेतला. आणि पार्थेनॉनमध्ये, म्हणजे अथेन्सच्या त्या प्राचीन देवळात, उभं राहिल्यावर आयुष्यभर ग्रीक नाचाचं स्वप्न बघितलेल्या इसाडोराला हलताच येईना. जो फोटो उरला त्यात ती प्रचंड खांबांच्या मधे इवलीशी उभी आहे, हात वर केलेले, बस. हालचालीसाठी ओळखल्या जाणाऱ्या बाईचा सगळ्यात लक्षात राहणारा फोटो न हलण्याचा आहे! आणि तिथेच तिच्या शिष्यांपैकी थेरेसाचा एक फोटो आहे, तिचं वस्त्र वाऱ्याने असं काही फडफडलंय की ज्वाळाच वाटाव्यात. जागा ठरवलेली, वस्त्र ठरवलेलं, वारा कुणाला विचारून येतो?

दुसरं उदाहरण माझ्या जास्त जवळचं. जपानचा फोटोग्राफर एइको होसोए आणि बुतो या युद्धानंतरच्या जपानी नाचाचा जनक मानला जाणारा तात्सुमी हिजिकाता, दोघं १९६५ मध्ये उत्तर जपानातल्या तोहोकू भागातल्या खेड्यांत गेले. हिजिकाता त्याच भागातला, अकिताचा. होसोएला लहानपणी युद्धाच्या काळात शहरातून तिकडे पाठवलेलं होतं, त्या भीतीच्या आठवणी मनात होत्या. मग हिजिकाता भातशेतातून तान्हं मूल घेऊन पळतोय, कुंपणावर कावळ्यासारखा बसलाय, शेतकऱ्यांच्या घोळक्यात वेड्यासारखा घुसलाय, असे फोटो. १९६९ मध्ये 'कामाइताची' या नावाने पुस्तक आलं, कामाइताची म्हणजे वाऱ्यावरून येऊन अंग कापून जाणारा लोककथेतला एक अदृश्य प्राणी. आता यात नर्तक ठरवलेला, पण त्याच्याकडे बघून हसणारे गावकरी खरे, त्यांना कुणी रिहर्सल दिली नव्हती. त्या फोटोंत शेत हे "लोकेशन" राहत नाही, ते कुणाचं तरी राबायचं ठिकाण आहे आणि एक वेडा माणूस त्यात घुसलाय, हे तुम्हाला बघताक्षणी कळतं. ठरवून केलंय हे लपवलेलं नाही, उलट तेच पुढे केलंय. म्हणून मला ते चालू कार्यक्रमातल्या फोटोपेक्षा जास्त प्रामाणिक वाटतं, तुम्हाला नसेल पटत तर ठीक आहे.

फोटो एडिट केलाय, म्हणजे नर्तक वेगळीकडे आणि डोंगर वेगळीकडे, हे कसं ओळखायचं?

सावलीपासून सुरू करा. दगडांच्या सावल्या एकीकडे आणि माणसाची दुसरीकडे, असला ढोबळ घोटाळा अजूनही दिसतो. पण त्याहून बारीक खूण सावलीच्या कडेत असते. सूर्य म्हणजे ठिपका नाही, आकाशात तो साधारण अर्धा अंश रुंद दिसतो, म्हणून वस्तू जमिनीपासून जितकी लांब तितकी तिच्या सावलीची कड पसरट. जमिनीला टेकलेल्या पायाची सावली कापल्यासारखी हवी, आणि सूर्य डोक्यावर असताना एक मीटर वर असलेल्या पायाच्या सावलीची कड सुमारे एक सेंटिमीटर तरी विरघळलेली हवी, सूर्य खाली असेल तर अजून जास्त. उडी मारलेल्या माणसाखाली सगळीकडे सारखीच धारदार सावली असेल तर संशय घ्या.

मग वारा. कापड उजवीकडे उडतंय आणि गवत डावीकडे झुकलंय, असं दिसलं तर एडिटच असेल असं नाही हं, बहुतेक वेळा कापडाचं टोक धरून कुणीतरी फेकलेलं असतं आणि फोटो निघायच्या आत बाजूला पळालेलं असतं. मी स्वतः हे काम केलंय, दिवसभर कापड फेकून खांदा गेला होता.

हालचालीचा धूसरपणाही बघा. कॅमेऱ्याचं शटर जितका वेळ उघडं तितकी हालचाल फोटोत पसरते. सेकंदाला पाच मीटर वेगाने फिरणारा हात १/६० सेकंदात आठ सेंटिमीटर सरकतो आणि १/१००० सेकंदात फक्त पाच मिलिमीटर. तेव्हा फिरत्या हाताची बोटं लख्ख गोठलेली असतील आणि शेजारचं धबधब्याचं पाणी मात्र दुधासारखं मऊ झालं असेल, तर दोन वेगवेगळे एक्स्पोजर आहेत किंवा फ्लॅश मारलाय. फ्लॅश मारला म्हणून काही गुन्हा होत नाही. आणि एडिट केलं म्हणूनही नाही, फक्त मग वर सांगितलेला अंगठ्याचा प्रयोग करताना लक्षात ठेवा की इथे जागेने शरीराला काही केलेलंच नाहीये, दोघं कधी भेटलेच नव्हते.

मी सव्वीस वर्षांची आहे, बारा वर्षं नाचतेय. एका फोटोग्राफरला माझा नदीत शूट करायचाय, पांढरं झिरझिरीत कापड, मोकळे केस, "निसर्गकन्या" अशी थीम आहे म्हणे. असे फोटो बघायला मला आवडतात पण दर वेळी बाईच का, झिरझिरीतच का, असंही मनात येतं. मी उगाच जास्त विचार करतेय का?

अजिबात नाही गं. हा प्रश्न शंभर वर्षांहून जुना आहे आणि तुझ्या फोटोग्राफरला कदाचित माहीत नसेल की तो कुणाच्या ओळीत उभा आहे, म्हणून थोडं लांबून सांगते.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपात बऱ्याच लोकांना शहर, कारखाने, कॉर्सेट (बायकांची कंबर आवळणारं ते अंतर्वस्त्र) या सगळ्याचा कंटाळा आला होता. स्वित्झर्लंडमध्ये माजोरे तलावाच्या वर मोंते वेरिता नावाच्या टेकडीवर १९०० मध्ये एक वसाहत सुरू झाली, शाकाहार, सूर्यस्नान, सैल कपडे किंवा नाहीच. तिथे रुडॉल्फ फॉन लाबान या नृत्यशिक्षकाने १९१३ पासून उन्हाळी नृत्यशाळा चालवली आणि १९१४ मध्ये तलावाकाठी उघड्यावर नाचणाऱ्या त्याच्या विद्यार्थ्यांचे फोटो काढले गेले, ते आजही बघायला मिळतात. ते बघताना खरंच मोकळं वाटतं, आणि त्या बायकांसाठी कॉर्सेट काढून टाकणं ही काही छोटी गोष्ट नव्हती, हे मी आधी मान्य करते. मेरी विग्मनसारखी नर्तकी तिथेच घडली. त्याच सुमारास अमेरिकेत आर्नल्ड गेंथे नर्तकींचे असेच बाहेरचे, झुळझुळीत वस्त्रांतले फोटो काढत होता, १९१६ मध्ये त्याचं पुस्तकही आलं. १९२० च्या दशकात ग्रीसच्या नेलीने (बाई फोटोग्राफर बरं का) पार्थेनॉनमध्ये मोना पाइवा या नर्तकीचे नग्न फोटो काढले आणि अथेन्समध्ये गदारोळ झाला.

आता गंमत बघ, म्हणजे गंमत नाहीच. निसर्ग, निरोगी शरीर, प्राचीन ग्रीस, उघडं आकाश हीच सगळी सामग्री पुढे नाझींनी उचलली. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकवर लेनी रीफेनस्टालने जी फिल्म केली तिची सुरुवात ग्रीक अवशेष आणि पुतळ्यांपासून होते आणि मग मोकळ्या आकाशाखाली नग्न नर्तकी दिसतात. रीफेनस्टाल स्वतः आधी नर्तकी होती. लाबाननेही १९३६ पर्यंत त्या राजवटीत काम केलं, मग नाझींचा प्रचारमंत्री गोबेल्स, त्याला त्याचा सामूहिक नाच आवडला नाही, बंदी आली आणि त्याला देश सोडावा लागला. म्हणजे "नैसर्गिक शरीर" हा शब्द ऐकायला निरागस आहे पण तो कुणाच्याही कामाला येतो. एकाला त्यात सुटका दिसते, दुसऱ्याला शुद्ध वंश.

तर तुझ्या फोटोबद्दल. "निसर्गकन्या" म्हणजे काय, तर बाई म्हणजे निसर्ग, आणि निसर्ग म्हणजे जो नुसता असतो, काही करत नाही, ज्याच्याकडे बघायचं. माझी साधी कसोटी आहे, त्या चित्रात क्रियापद कुणाकडे आहे? धबधब्याखालच्या आपल्या नर्तकाकडे ते आहे, तो सहन करतोय, तोल सांभाळतोय. नदीत आडवं पडून केस पसरवायला सांगितलं तर तुझ्याकडे कुठलं क्रियापद उरेल? बारा वर्षांचं शिक्षण त्या फोटोत कुठे दिसेल? हे त्याला विचार, भांडायला म्हणून नको, गप्पा मारत विचार. चांगला फोटोग्राफर असेल तर त्याचे डोळे चमकतील. नुसता "तू फक्त फील कर" म्हणाला तर मी तरी जाणार नाही.

आणि व्यवहाराचं पण सांगते कारण हे कुणी सांगत नाही. सोबत आपलं माणूस ने. फोटो कुठे कुठे जाणार, कुठला काढून टाकायचा हे सांगायचा हक्क तुला आहे का, हे लेखी घे. कापड ओलं झाल्यावर कसं दिसतं ते घरी आधी भिजवून बघ. शेवाळावर पाय टाकायच्या आधी जागा काठीने तपास. मी एकदा अशा शूटला दोन तास गार पाण्यात उभी होते, फोटोग्राफर लांबून "चेहरा शांत, चेहरा शांत" ओरडतोय आणि माझे दात वाजतायत, शेवटी पायाला गोळा आला आणि मी बसकण मारली. निवडलेल्या फोटोत माझा चेहरा खरंच शांत आहे. लोक त्याला ध्यानमग्न म्हणतात.

आमच्या गुरूंनी धबधब्याचा फोटो बघून नाक मुरडलं, मांडीच नीट नाही, कंबर एका बाजूला गेलीय म्हणाल्या. फोटोग्राफी शिकणारा माझा भाऊ म्हणतो तोच सगळ्यात भारी फोटो. बरोबर कोण?

दोघंही बरोबर आणि दोघं वेगवेगळ्या फोटोकडे बघतायत. गुरूंना त्या क्षणाच्या आधीचं आणि नंतरचं दिसतं, त्यांच्या डोळ्यांत हालचाल पूर्ण होते आणि ती कुठे चुकली ते कळतं. भावाला फक्त चौकट दिसते. नाट्यशास्त्रात १०८ करणं, म्हणजे नाचाचे मूळ घटक, सांगितलीत, मंदिरांच्या भिंतींवर ती कोरलेलीही आहेत आणि कित्येक दिवस लोक त्यांना पोजच समजत होते. पण व्याख्येतच हात आणि पाय यांच्या एकत्र हालचालीला करण म्हटलंय, आणि भरतनाट्यम नर्तकी आणि अभ्यासक पद्मा सुब्रह्मण्यम यांनी त्या शिल्पांकडे चालू हालचालीतला एक क्षण म्हणून बघायला लावलं. शिल्पकाराने कुठला क्षण उचलला, सुरुवातीचा, मधला की शेवटचा, हा प्रश्न दगडाला लागू तोच फोटोलाही.

बाकी कंबर एका बाजूला गेलीय ते मी पण बघितलं. पाण्याचा लोट त्या बाजूने येतोय. गुरूंना एकदा धबधब्याखाली उभं करून बघा (हे त्यांना सांगू नका).

ब्लॅक अँड व्हाइट चांगले की कलर?

काय सांगायचंय त्यावर आहे. रंग काढला की शरीर आणि दगड एकाच सामानाचे वाटायला लागतात, सुरकुती, भेग, स्नायू सगळं एका रांगेत येतं. लाल कापडाचा फोटो मी ब्लॅक अँड व्हाइट करून बघितला, काहीच उरलं नाही. त्यावरून काय ते समजा.

हे फोटो शाम्पूच्या जाहिरातीसारखे का दिसतात?

आला एकदाचा! कारण जाहिरातींनी हे सगळं कधीच उचलून नेलंय, मावळतीचं ऊन केसांच्या मागून, वाऱ्यावर कापड, डोळे मिटलेले, ओठ किंचित उघडे. पण मूळ कारण वेगळं आहे असं मला वाटतं. जाहिरातीत कशालाच कष्ट पडत नाहीत. बॅलेचे टोकदार बूट घालून ओल्या खडकावर उभी असलेली नर्तकी तुम्ही बघितली असेल. त्या बुटाचं कडक टोक पारंपरिक पद्धतीत कापडाचे थर आणि खळ यांचंच असतं, पाणी लागलं की ते मऊ पडतं. म्हणजे त्या फोटोनंतर बूट गेले, घोटाही जाता जाता वाचला असेल, पण फोटोत तो खडक गालिच्यासारखा दिसतो. जागेचा सगळा विरोध पुसून टाकलेला असतो. मग उरतं ते विकायला सोपं.

याच्या बरोबर उलटं बघायचं असेल तर एइको ओताकेचं काम बघा. ही नर्तकी २०१४ पासून विल्यम जॉन्स्टन या फोटोग्राफरबरोबर, जो जपानच्या इतिहासाचा प्राध्यापक आहे, पुन्हा पुन्हा फुकुशिमाला गेली. २०११ च्या भूकंप, त्सुनामी आणि अणुभट्टीच्या दुर्घटनेनंतर रिकाम्या झालेल्या गावांत, बंद पडलेल्या रेल्वे स्टेशनांवर. ती तिथे उड्या मारत नाही, पडते, टेकते, हळूच वळते. आणि यातली अंगावर येणारी गोष्ट अशी की किरणोत्सर्ग फोटोत दिसतच नाही. रुळांवर गवत वाढलंय, ऊन पडलंय, खाली ओळ वाचली नाही तर तुम्ही चक्क "किती हिरवंगार" म्हणाल. म्हणून देखाव्याचे फोटो वाचताना ती जागा कुठली आणि तिथे काय झालं हे विचारायलाच लागतं. आम्ही गेल्या अंकात तिन्ही फोटोंखाली जागेचं नाव छापलं नाही, ही आमची चूक, संपादकांना सांगून झालंय.

प्रदर्शनासाठी अशा फोटोंखाली चार ओळी लिहायच्यात. मी लिहिलेलं सगळं "निसर्गाशी एकरूप झालेली लय" असंच होतंय. मदत करा!

"एकरूप", "लयबद्ध", "मुक्त", "अवकाश" हे चार शब्द महिनाभर कपाटात ठेवून द्या. मग फोटोतली फक्त दिसणारी क्रियापदं एका कागदावर लिहा. कोण टेकलंय, कोण ढकलतंय, काय फडफडतंय, कुठला पाय रुतलाय. त्यानंतर जागा, ऋतू, दिवसाची वेळ, कितीदा करून घेतलं तेही जमलं तर. आणि नर्तकाचं नाव लिहा हो, फोटोग्राफरचं नाव मोठ्या अक्षरात आणि नर्तक "मॉडेल" असं फार ठिकाणी बघितलंय. नर्तकाने ती हालचाल स्वतः रचली असेल तर ते पण लिहायला हवं. भावना शेवटी, जागा उरली तर.

धुक्यातल्या तिघी पाठमोऱ्या आहेत. चेहरेच नाहीत तर वाचायचं काय?

चेहरा नसला की बरं, तो सगळं लक्ष खाऊन टाकतो. पाठ बघा, मान बघा. तिघींची उंची वेगळी पण खांदे एका रेषेत आलेत, म्हणजे कुणीतरी उभ्या जागा बदलून बदलून ते जुळवलंय, किंवा उंच असलेली गवतात थोडी खोल उभी आहे. धुक्यामुळे मागचं सगळं सपाट झालंय, खोली कळत नाही, म्हणून त्या जवळ आहेत की लांब हे ठरवायला आपल्याला गवताच्या पात्यांची जाडी बघावी लागते. उजवीकडच्या दोघींचं वजन दोन्ही पायांवर सारखं आहे. डावीकडची बघा, अंक हाताशी असेल तर आत्ता काढा. तिची उजवी टाच उचललेली आहे आणि टाचेला गवताचं एक ओलं पातं चिकटलंय. ती निघायच्या बेतात आहे की आत्ताच येऊन थांबलीय यावर आमच्या ऑफिसात दोन गट पडलेत, मी थांबलीय वाल्यांत आहे, पातं अजून टाचेवर आहे म्हणून.